पन्नास मिनिटांचं माहेर

नागपूरपासून सांतियागो पावणेसतरा हजार किलोमीटर आहे. त्याच्याही थोडं पुढे गेलं की माणूस पृथ्वीला वळसा घालून परत घराकडेच यायला लागतो. शर्वरी ठवकर तिथे दुर्बिणींच्या कामावर रुजू झाली तेव्हा दोन विमानं बदलून, सव्वा दिवस घालवून, सुजलेल्या पायांनी पोचली होती. आता तिला पन्नास मिनिटं लागत. दर रविवारी ती सकाळची आंघोळ सांतियागोत उरकून निघे आणि धंतोलीत आईवडिलांच्या घरी संध्याकाळच्या चहाला हजर असे.

या प्रवासाला लोक झेप म्हणत. ऐकायला जादू वाटे, पण त्यामागचं शास्त्र साधंच होतं. विमान हवेतून जातं, म्हणजे सगळा रस्ता हवेशी भांडत जातं, आणि त्याचं बरंचसं इंधन त्या भांडणातच खर्ची पडतं. झेप हवेच्या वर जाई. पहिल्या काही मिनिटांत ती असा वेग घेई की छातीवर तीन माणसं बसल्यासारखं वाटे. मग इंजिन बंद. पुढचं सगळं अंतर म्हणजे नुसतं पडणं. फेकलेला दगड खाली येत असतो. पण तो पुरेसा जोरात फेकला, तर त्याच्याखालची गोल जमीनही वळत वळत खाली जात राहते आणि दगडाला टेकायला अर्धं जग ओलांडावं लागतं. आतली माणसंही त्या दगडाबरोबरच पडत असल्यामुळे त्यांना वजन उरत नाही. केस तरंगतात, हात आपोआप वर येतात, खिडकीत काळं आकाश आणि त्याला पृथ्वीची निळी कड. शर्वरी म्हणे, तेवढ्यात मला दर वेळी डुलकी लागते आणि एकच स्वप्न पडतं, की मी लहान आहे आणि बाबांनी मला झोपेतच उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलंय.

तिची आई मंजिरी आणि बाबा चारुदत्त यांचं धंतोलीतच औषधांचं दुकान होतं. रविवारी मंजिरी दुपारीच दुकानातून उठे आणि सांबारवडीच्या तयारीला लागे. या गावात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे शर्वरीच्या चिली देशातल्या नवऱ्याला, मातीयासलाही एव्हाना पाठ झालं होतं. शर्वरी यायची, गरम गरम वड्या खायची, हसायची, बोलायची आणि दोन तासांनी परतीच्या झेपेला पळायची. शेजारच्या बाई म्हणत, "अमरावतीले दिली असती तर पोरगी इतक्यांदा आली नसती." ते खरंच होतं. तक्रार करायला कुठे जागाच नव्हती.

पण एक गोष्ट हळूहळू जगातून नाहीशी झाली होती. कुणी कुणाकडे राहायला जात नसे. पन्नास मिनिटांवर आपली गादी असताना दुसऱ्याच्या गादीवर कशाला लोळायचं? लोकांनी पाहुण्यांच्या खोल्या भाड्याने दिल्या, जादा अंथरुणं वाटून टाकली. शर्वरी आठ वर्षांत एक रात्रही नागपुरात झोपली नव्हती. मंजिरीला रविवारी रात्री भांडी आवरताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे, पण काय ते सांगता येत नसे; मग ती उगाच ओटा दुसऱ्यांदा पुसे.

एका रविवारी शर्वरी आलीच नाही. वड्या तळून तयार, आणि पडद्यावर तिचा चेहरा उगवला.

"आई, मला झेपेच्या फाटकावरून परत पाठवलं," ती म्हणाली. ती हसतही होती आणि रडतही होती. "तपासणीत कळलं त्यांना. मी तुला आज तिथे येऊनच सांगणार होते."

मंजिरीने चारुदत्तच्या दंडाला घट्ट धरलं. "काय सांगून राहिली तू? खरं?"

"तीन महिने काल पुरे झाले."

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. झेपेचा तो सुरुवातीचा दाब वाढत्या गर्भाला सोसत नाही, म्हणून बारा आठवड्यांनंतर गरोदर बाईला चढू देत नसत आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्यालाही नाही. शर्वरीला हे माहीत असायला हवं होतं, पण दर रविवारी रिक्षात बसावं तशी झेपेत बसणारी माणसं नियम थोडेच वाचतात. आणि पहिले तीन महिने वाच्यता करायची नाही, हे तिला आईनेच बजावून ठेवलं होतं. मंजिरीला तिच्या आईने बजावलं होतं. आकाशगंगांची वजनं काढणाऱ्या पोरीने हे एवढं मात्र निमूट पाळलं. इतके रविवार ती समोर बसून वड्या खात होती आणि गप्प होती. तेरावा आठवडा लागला म्हणून ती सांगायला निघाली, आणि तेरावा आठवडा लागला म्हणूनच तिला अडवलं.

आनंद ओसरला नाही, पण रात्रीपर्यंत मंजिरीला हिशेब उमगला. आधी कळलं असतं तर पोरगी एका रविवारी येऊन इथेच राहिली असती. पहिलं बाळंतपण माहेरी. आता ती येऊ शकत नव्हती, आणि मंजिरी जाऊ शकत नव्हती, कारण दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, तो चिकटवलेला होता आणि उजवाही नाजूकच होता.

ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसली. म्हणाली, पन्नास मिनिटांचाच तर प्रश्न आहे.

"जाल ना," डॉक्टर म्हणाले. "पन्नास मिनिटांत जाल. पण त्या दाबाने पडदा सुटला तर नातवंड कोणत्या डोळ्यांनी बघाल?"

मग जुनी विमानं? ती कधीच भंगारात गेली होती. झेप आल्यावर सव्वा दिवस खुर्चीत अवघडून बसायला कोण तयार होणार? बॅटरीवर उडणारी छोटी विमानं होती, ती हैदराबाद, मुंबई, फार तर दुबई गाठत. महासागर ओलांडणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. धडधाकट माणसांसाठी जग आवळून एवढंसं झालं होतं. पोटुशी बाई, तान्हं बाळ आणि अधू डोळ्यांची म्हातारी यांच्यासाठी मात्र पावणेसतरा हजार किलोमीटर जसेच्या तसे होते, किंबहुना पूर्वीपेक्षा जास्तच.

"तू नको येऊस आई," शर्वरी म्हणत राहिली. "इथे दवाखाना चांगला आहे. मातीयास आहे. आपण रोज बोलतोच ना?"

"बोलणं वेगळं," मंजिरी म्हणाली.

वाट सापडली ती चारुदत्तला, तीही दुकानात. गावाबाहेरच्या मालतळावरून पवनचक्क्यांची पाती फुग्यातून परदेशी जात, आणि तिथला कप्तान ओकारीच्या गोळ्या न्यायला आला होता. फुगा म्हणजे हवेत तरंगणारं मालवाहू जहाज. ते हवेशी भांडत नाही, कारण ते हवेपेक्षा हलकंच असतं. पाठीवरच्या सौरपत्र्यांवर मोटरी चालतात, पण खरा जोर वाऱ्याचा. शंभर मीटर लांबीचं पातं रस्त्याच्या वळणावर अडकतं, फुग्याच्या पोटाखाली सुखाने लटकतं. कप्तान जुवाटकर मूळचा मालवणचा, पन्नाशीचा आणि मितभाषी. मंजिरी त्याला भेटायला तळावर गेली तेव्हा त्याने हवेत बोट फिरवून रस्ता दाखवला. सरळ जायचं नाही. आधी दक्षिणेला, हिंदी महासागर ओलांडून पार खाली. तिथे वर्षभर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. त्याच्यावर बसायचं आणि ऑस्ट्रेलियाच्या खालून, पॅसिफिकवरून थेट चिलीच्या किनाऱ्याला लागायचं. अंतर दीडपट, पण वेळ कमी.

"म्हणजे कधी पोचतो?" तिने विचारलं.

"दहा दिस, बारा दिस. वारो काय आपलो नोकर नाय, काकी."

"आणि मला घेता का?"

जुवाटकराने डोकं खाजवलं. फुग्यात प्रवासी नेता येत नसत, फक्त कर्मचारी. मग त्याने विचारलं, "जेवण करूक येता?"

अशा रीतीने मंजिरी ठवकर वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पाच खलाशांची स्वयंपाकीण झाली. शर्वरीच्या तारखेला तीन आठवडे असताना फुगा सुटला. तिच्या सामानात डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी होती. चारुदत्त दुकान सोडून इतके दिवस जाऊ शकत नव्हता, आणि झेपेने एकट्याने जाऊन बाळंतपणात मी काय करणार, असं तोच म्हणाला होता. तो तळावर उभा राहून हात हलवत होता आणि फुगा इतक्या सावकाश वर चढला की बिचाऱ्याचा हात भरून आला, तरी दोघं एकमेकांना दिसतच होते.

पहिले दोन दिवस मंजिरीला काही सुचेना. आवाज नाही, धक्का नाही, पोचायची घाई नाही. खाली समुद्रावर फुग्याची सावली त्यांच्याच बरोबर, त्यांच्याच वेगाने सरकत असे. ती भात टाके, पोळ्या लाटे आणि खिडकीशी येऊन बसे. कधी ढग खिडकीला चिकटत आणि स्वयंपाकघरात दुधाळ उजेड पसरे. कधी खाली देवमाशांचा कळप दिसे, आणि त्यांची पाठ वर येऊन परत पाण्यात जाईपर्यंत तिला पुरती भाजी निवडून होई. आयुष्यभर तिने निघणं आणि पोचणं एवढंच पाहिलं होतं. या दोहोंच्या मध्ये इतकं काही असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जागेपणी बघितलेलं आणि झोपेत बघितलेलं वेगळं करणं तिने चौथ्या दिवशी सोडून दिलं. शर्वरी लहानपणी कशी चालायची, काय बोलायची, हे सगळं एकामागून एक वर येऊ लागलं. आठ वर्षांत हे आठवायला तिला वेळच झाला नव्हता, कारण पोरगी दर रविवारी समोर होती.

पॅसिफिकवर घात झाला. पुढे वादळ उठलं आणि जुवाटकराने फुगा उत्तरेच्या शांत हवेत नेऊन उभा केला. "वादळ जाईसर आपण जायचा नाय," एवढंच तो म्हणाला. समुद्र खाली ताटासारखा पसरला होता. फुगा जागचा हलत नव्हता. दुपारी फार उंचावर एक पांढरी ठिणगी सरकताना दिसली, कुठल्या तरी दोन शहरांमधली झेप. ती बघता बघता क्षितिजापार गेली. आणि त्याच दुपारी मातीयासचा फोन आला. शर्वरीला कळा सुरू झाल्या होत्या, तारखेच्या कितीतरी आधी.

फोनवरून सगळं ऐकू येत होतं. लेकीचा श्वास, तिचं कण्हणं, दाईचं स्पॅनिशमधलं समजावणं. मंजिरी सांगत राहिली, "लांब श्वास घे. मी आहे ना. मी येऊन राहिली." तिचा आवाज तिथे पोचत होता, हात पोचत नव्हता. तिने जुवाटकराला विचारलं, काही करता येतं का. त्याने नकाराची मान हलवली, पण तो तिच्याजवळ बसून राहिला, आणि त्या दिवशी स्वयंपाक खलाशांनी केला. उन्हं कलली तेव्हा मुलगी झाली. तिचं रडू ऐकलं आणि मंजिरीने पदर तोंडावर घेतला. आनंदाचे अश्रू वगैरे म्हणायची पद्धत आहे, पण ते निव्वळ आनंदाचे नव्हते. ज्या एका गोष्टीसाठी ती निघाली होती ती तिच्याविनाच झाली होती.

फुगा सांतियागोच्या तळावर टेकला तेव्हा नात आठ दिवसांची होती. मातीयास तळावर घ्यायला आला आणि त्याने वाकून नमस्कार केला. घरी शर्वरी पलंगावर बसलेली, केसांच्या जटा, डोळ्यांखाली काळं. मंजिरीने आधी तिला जवळ घेतलं, मग बाळाला.

पहिले दोन तास फार छान गेले. आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. दोघींचं बोलणं संपलं.

त्यांना सवयच तेवढ्याची होती. शर्वरीची नजर घड्याळाकडे जायला लागली. आई अजून इथेच आहे, याचं काय करायचं हे तिला कळेना. दुसऱ्या दिवशी तिला आईची शेगडी खुपली, तिसऱ्या दिवशी शेपांचा वास. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तू जरा बस ना आई, सारखी काय करून राहिली?" मंजिरीही तडकून बोलली आणि दोघी दिवसभर एकमेकींशी अबोला धरून राहिल्या. एवढ्या लांबून येऊन हेच का, असं मंजिरीला मनापासून वाटलं. पण फुगा काही रविवारी संध्याकाळी परत जाणार नव्हता. रुसवा असला तरी जेवायला एकाच टेबलावर बसावं लागलं. रुसवा जुना झाला, शिळा झाला आणि आपोआप विरला.

मग पुढचे दिवस कसे गेले ते दोघींनाही सांगता आलं नसतं. तेल, आंघोळ, धुरी, झोप. बाळ झोपलं की शर्वरी झोपे, शर्वरी झोपली की मंजिरी खिडकीतून बर्फाचे डोंगर बघत बसे. अशाच एका दुपारी ती लेकीच्या डोक्याला तेल चोळत होती.

"आई," शर्वरी म्हणाली, "ही पहिली नाही."

मंजिरीची बोटं थांबली नाहीत.

"मागच्या वर्षी एक होतं. दुसऱ्याच महिन्यात गेलं. शनिवारी. दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले होते. वड्या खाल्ल्या. तू म्हणालीस, बारीक झालीस."

"मग बोलली काऊन नाहीस?"

"तीन महिने बोलायचं नाही म्हणाली होतीस ना. मग जे नाहीच, त्याचं काय सांगायचं?" शर्वरीचा आवाज बारीक झाला. "आणि दोन तासांत कुठून सुरुवात करणार होते मी? एक तास हिंमत करण्यात गेला. मग निघायची वेळ झाली."

मंजिरीला तो रविवार आठवेना. तिने फार प्रयत्न केला. लेक समोर बसली होती, एवढं मोठं घेऊन बसली होती, आणि तिला ती फक्त बारीक दिसली होती. तिने लेकीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"ते सांगणं चुकलं माझं," ती म्हणाली. "मला माझ्या आईनं सांगितलं आणि मी तुला. कोणी विचारच नाही केला की बाईनं ते एकटीनं कसं उचलायचं."

शर्वरी मग रडली. वर्षभराचं होतं, त्याला वेळ लागला. मधे बाळ उठलं, त्याला पाजलं, आणि ती पुन्हा रडली. घाई कुणालाच नव्हती.

सव्वा महिना झाला आणि जुवाटकराचा निरोप आला. फुगा रिकामा परत जाणार होता. परतीचा रस्ता वेगळा: किनाऱ्याने उत्तरेला चढायचं, तिथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा संथ वारा धरायचा आणि विषुववृत्ताच्या बाजूबाजूने घरी. जाण्याहूनही जास्त दिवस. मंजिरीला परतणं भाग होतं. चारुदत्त दुकानात एकटा होता आणि आताशा फोनवर तो भाजीत मीठ किती घालायचं ते रोज विचारू लागला होता. बाळाला दोन वर्षं झेपेत बसता येणार नव्हतं, आणि त्याला सोडून शर्वरी येणार नव्हती. म्हणजे दोन वर्षं रविवार नाहीत.

मंजिरी बॅग भरत होती. शर्वरी दारात उभी राहून बघत होती. "जुवाटकरांना विचार," ती अखेर म्हणाली, "आणखी दोघी मावतील का. मला अजून चार महिने रजा आहे. मला माहेरी जायचंय. राहायला."

जुवाटकराने शर्वरीला भांडी घासायच्या जागेवर घेतलं. बाळाचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, "भोंगो बिघडलोसा. त्याची जागा रिकामी आसा."

सातव्या दिवशी खाली निळ्याशिवाय काही नव्हतं. फुगा इतका संथ चालला होता की चाललाय की नाही हे सावलीकडे बघून ठरवावं लागे. शर्वरी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि बाळ तिच्या कुशीत. फोन वाजला. पडद्यावर धंतोलीची बैठक होती आणि सोफ्यावर चारुदत्तच्या शेजारी मातीयास. रविवार होता. तो पन्नास मिनिटांत नागपूरला पोचून सासऱ्याबरोबर चहा पीत बसला होता.

"कुठवर आलात?" चारुदत्तने विचारलं. "किती राहिलं?"

मंजिरीने खिडकीबाहेर बघितलं. मग मांडीवरच्या लेकीकडे बघितलं. तिला जाग येऊ नये म्हणून तिने आवाज अगदी खाली आणला, पण त्यातलं सुख काही तिला लपवता आलं नाही.

"अजून खूप लांब आहोत," ती म्हणाली.